एका भागाकाराची गोष्ट : व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि वॅट



आपल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक, शिलालेख, सीमाभागातील मराठी शाळा असे विषय नेहमी होतात. त्या मानाने आजचा विषय आपणाला रुक्ष वाटेल. त्यात बोलणारा मी होमिओपॅथीचा डॉक्टर, विजेचा इंजिनिअर नव्हे. बेळगावात आणि त्याआधी निपाणीकडच्या एका खेड्यात माझी सारी प्रॅक्टिस झाली. मग व्होल्टला अँपिअरने भागण्याचा हिशेब मी इथे का मांडतो आहे, हे आधी सांगायला हवे.

१९८७ सालचा पावसाळा. माझा दवाखाना सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती. एका सकाळी बैलगाडीतून एका बावीस वर्षांच्या मुलाला आणले. विहिरीवरच्या मोटरच्या स्टार्टरला त्याचा हात लागला होता. पाय चिखलात, अंग पावसाने भिजलेले. माझ्यापर्यंत पोचण्याआधीच तो गेला होता. मला करण्यासारखे काही उरले नव्हते. त्याची आई ओट्यावर बसून राहिली आणि बऱ्याच वेळाने तिने मला एकच प्रश्न विचारला. "डाक्टर, मागच्या उन्हाळ्यात याच पेटीचा झटका बसला हुता याला. हसत घरी आला. लाइट तीच, पोरगं बी तेच. मग आजच कसं ओ?"

मला उत्तर देता आले नाही. "पाणी होतं ना," एवढेच मी पुटपुटलो. ते उत्तर नव्हते. पाण्याने नेमके काय बदलले, किती बदलले, हे मला सांगता येत नव्हते. त्या रात्री मी शेजारच्या मास्तरांकडून दहावीचे विज्ञानाचे पुस्तक मागून आणले आणि ओहमच्या नियमाचा धडा पंधरा वर्षांनी पुन्हा वाचला. परीक्षेत त्यावरची गणिते मी बरोबर सोडवली होती. अर्थ मात्र त्या रात्री कळला. पुढे त्या नियमाचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. तोच आज आपल्यापुढे ठेवतो. त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर शेवटी येईल.

शरीर हेच मापक

विजेचा दाब म्हणजे व्होल्ट, प्रवाह म्हणजे अँपिअर आणि तारेचा किंवा वस्तूचा विरोध, ज्याला आपण रोध म्हणतो, तो ओहम. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. चौथी-पाचवीच्या मुलाला येईल इतका सोपा हा हिशेब आहे. पण इथपर्यंत यायला माणसाला पाऊण शतक लागले. कारण हिशेब करण्याआधी दाब आणि प्रवाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कळावे लागते, आणि दोन्ही मोजता याव्या लागतात.

या गोष्टीची सुरुवात वैद्यकाच्या अंगणातच होते. इटलीतील बोलोन्याचे गॅल्व्हानी हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. मेलेल्या बेडकाचा पाय दोन धातूंच्या स्पर्शाने आखडतो, हे त्यांचे निरीक्षण १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले. ही वीज प्राण्याच्या देहातली, असे त्यांचे म्हणणे. पाव्हियाचे व्होल्टा यांना ते पटले नाही. वीज दोन धातूंच्या संपर्कातून येते असे ते म्हणाले आणि १८०० साली त्यांनी जस्त व चांदीच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी रास रचून सतत वाहणारी वीज जगाला दिली. व्होल्ट हे नाव त्यांचेच.

त्याच्याही आधी लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश नावाचे अतिशय श्रीमंत, अतिशय अबोल गृहस्थ घरच्या प्रयोगशाळेत एक विलक्षण काम करत होते. प्रवाह मोजायचे कोणतेही यंत्र तेव्हा नव्हते. कॅव्हेंडिश स्वतःच्या शरीराचे यंत्र करत. काचेच्या नळ्यांत मिठाचे पाणी भरायचे, वीज साठवलेल्या बरण्यांचा झटका त्या नळीतून स्वतःच्या हातांत घ्यायचा, नळीत तार कमी-जास्त खुपसून पाण्याची लांबी बदलायची, आणि दोन झटके सारखे वाटेपर्यंत हे करत राहायचे. अशा रीतीने त्यांनी निरनिराळ्या द्रावांच्या रोधाची तुलना केली आणि १७८१ च्या सुमारास रोध व प्रवाह यांचे नाते जवळजवळ बरोबर ओळखले. पण त्यांनी ते छापले नाही. वहीतच ठेवले. १८१० मध्ये ते वारले. त्यांचे विजेवरचे कागद मॅक्सवेल यांनी संपादित करून १८७९ मध्ये प्रसिद्ध केले, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. हे काम करताना मॅक्सवेल यांनीही केंब्रिजमध्ये तसेच झटके घेऊन पाहिले, पाहुण्यांनाही घ्यायला लावले.

एक डॉक्टर म्हणून हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णाला "किती दुखतं?" असे विचारून आम्ही जे करतो, तेच कॅव्हेंडिश स्वतःवर करत होते. त्यांच्यासारख्या सावध माणसाच्या हाती ते जमले. पण ते ज्ञान दुसऱ्याच्या हाती देता येण्यासारखे नव्हते. त्यासाठी शरीराबाहेरचे मापक हवे होते. ते १८२० साली मिळाले. डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांना दिसले की, वीज वाहणाऱ्या तारेजवळ चुंबकसूची वळते. प्रवाह जास्त तर वळणे जास्त. आता अंगावर झटका घेण्याची गरज उरली नाही.

कोलोनचा शाळामास्तर

गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे करणारे. शाळेत फारसे न गेलेले, पण स्वतः गणित शिकून मुलांना घरी शिकवणारे. ओहम दहा वर्षांचे असताना आई वारली. भावंडांपैकीही बरीचशी लहानपणीच गेली. धाकटे भाऊ मार्टिन पुढे नावाजलेले गणिती झाले. ओहम विद्यापीठात गेले खरे, पण तिथे नाच, बर्फावरचे घसरणे आणि बिलियर्ड यांत इतके रमले की वडिलांनी चिडून शिक्षण थांबवले. मग स्वित्झर्लंडमध्ये मास्तरकी, पुन्हा एर्लांगेन, १८११ मध्ये डॉक्टरेट, आणि नंतर वर्षानुवर्षे कमी पगाराच्या शिक्षकाच्या नोकऱ्या. १८१७ मध्ये ते कोलोनच्या एका शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायला लागले. शाळेची प्रयोगशाळा चांगली होती आणि कुलूप करणाऱ्याच्या मुलाला हाताने उपकरणे घडवता येत होती.

त्यांनी प्रश्न असा धरला : तार लांब केली की तिच्यातून जाणारा प्रवाह कमी होतो, पण कोणत्या हिशेबाने? १८२५ मध्ये त्यांनी पहिला निबंध छापला. त्यातले सूत्र चुकीचे होते. चूक गणिताची नव्हती, साधनाची होती. त्या काळच्या रासायनिक बॅटऱ्या वापरता वापरता मंदावत. पहिले माप आणि पाचवे माप घेताना दाब सारखाच आहे याची खात्री नव्हती. दाब स्थिर नसेल, तर प्रवाहातला फरक तारेमुळे झाला की बॅटरीमुळे, हे कसे सांगणार?

पोगेनडॉर्फ या संपादकांनी त्यांना सुचवले की, बॅटरी सोडा, सीबेक यांचे साधन वापरा. सीबेक यांनी १८२१ मध्ये दाखवले होते की, दोन वेगळ्या धातूंचे सांधे निरनिराळ्या तपमानाला ठेवले की मंडलात वीज वाहते. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळते पाणी आणि वितळता बर्फ यांची तपमाने बदलत नाहीत, म्हणून दाबही बदलत नाही. प्रयोगासाठी स्थिर दाबाचा उगम मिळाला.

मग त्यांनी एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. टांगलेल्या चुंबकसूचीला वळण्यापासून परत जागेवर आणायला किती पीळ द्यावा लागतो, त्यावरून प्रवाह मोजला. जानेवारी १८२६ मधील एका दिवसाची मापे अशी : २ इंचांच्या तारेला सुमारे ३२६ पूर्णांक तीन-चतुर्थांश, ३४ इंचांच्या तारेला साडेएकशे चौतीस, आणि १३० इंचांच्या तारेला साडेअठ्ठेचाळीस.

आता इथे थोडे थांबू. १३० इंचांची तार २ इंचांच्या तारेच्या पासष्ट पट लांब आहे. रोध लांबीच्या प्रमाणात असेल तर प्रवाह पासष्टपटीने कमी व्हायला हवा. झाला मात्र सातपटीहूनही कमी. घाईच्या माणसाने इथे नियमच नाही असे म्हटले असते. ओहम यांच्या लक्षात आले की, वीज नुसत्या तारेतून जात नाही, उगमाच्या धातूंतूनही जाते. त्यांचाही रोध आहे. तो त्यांनी मापांवरूनच काढला. तो याच तारेच्या सुमारे सव्वावीस इंचांएवढा भरला. आता प्रत्येक लांबीत सव्वावीस मिळवा. पहिली तार सव्वाबावीस, शेवटची दीडशे पूर्णांक एक-चतुर्थांश. यांचे गुणोत्तर पावणेसात. आणि ३२६ पूर्णांक तीन-चतुर्थांशाला साडेअठ्ठेचाळीसने भागले तरी उत्तर जवळजवळ पावणेसातच. चौतीस इंचांच्या तारेचा ताळा आपण घरी करून पाहा, तोही जमतो. एकूण रोध वाढेल त्या प्रमाणात प्रवाह घटतो. हाच ओहमचा नियम.

माझ्या दृष्टीने ओहम यांचे मोठेपण या सूत्राहून एका दुसऱ्या गोष्टीत आहे. आधीचे सूत्र चुकले होते हे त्यांनी वर्षाच्या आत स्वतः छापून सांगितले. आणि जे आपल्याला मोजायचे आहे, त्याच्याआधी जे स्थिर ठेवायचे आहे ते स्थिर केले.

पुस्तक आणि उपेक्षा

१८२६ मध्ये ओहम अर्ध्या पगाराची रजा घेऊन बर्लिनला भावाकडे राहायला गेले आणि १८२७ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी नुसती मापे दिली नाहीत, कारणही मांडले. त्या काळी अँपिअर यांच्यासारखे थोर शास्त्रज्ञही असे मानत की, मंडल उघडे असताना ताण असतो, मंडल जोडले की ताण नाहीसा होऊन प्रवाह सुरू होतो. म्हणजे दाब असेल तेव्हा प्रवाह नाही, प्रवाह असेल तेव्हा दाब नाही. असे धरले तर एकाला दुसऱ्याने भागण्याचा प्रश्नच येत नाही. ओहम यांनी म्हटले की, मंडल जोडल्यावरही दाब असतो, तो तारेच्या लांबीवर हळूहळू उतरत जातो. ही कल्पना त्यांना फूरिए यांच्या उष्णतावहनाच्या १८२२ च्या ग्रंथावरून सुचली. तापलेल्या सळईत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे तपमान उतरत जाते आणि त्या उतारावरून उष्णता वाहते, तसेच हे.

पुस्तकाचे स्वागत थंड झाले. जर्मनीत तेव्हा निसर्गाचे तत्त्वज्ञान चिंतनाने उलगडावे असे मानणाऱ्यांचा जोर होता. त्यांच्यापैकी पोल या बर्लिनच्या प्राध्यापकांनी पुस्तकावर कडक टीका केली. प्रयोग करणाऱ्यांना त्यातले गणित जड वाटले. ओहम यांना विद्यापीठातील जागेची आशा होती, ती मिळाली नाही. त्यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची चार-पाच वर्षे बर्लिनमध्ये आठवड्याला मोजके तास शिकवून काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत जागा मिळाली. मान परदेशातून आला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोपली पदक दिले. म्युनिकमध्ये पदार्थविज्ञानाचे प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये. ६ जुलै १८५४ रोजी ते वारले. ज्या जागेसाठी आयुष्य घालवले, ती दोन वर्षे लाभली.

इथे माझ्या पेशाबद्दल दोन वाक्ये बोलतो. ओहम कोलोन आणि बर्लिनमध्ये होते त्याच काळात आमचे हानेमान जर्मनीतच कोथेनमध्ये राहत होते. १८१० मध्ये त्यांचा 'ऑर्गेनॉन' निघाला होता. दोघेही रूढ मतांविरुद्ध लिहिणारे, दोघांवरही टीका झाली. आमच्या कॉलेजात हानेमान यांचे चित्र होते आणि "थोरांची उपेक्षाच होते" हे वाक्य आम्ही वारंवार ऐकले. ओहम यांचे चरित्र वाचल्यावर मला त्या वाक्याचा आधार पुरेसा वाटेनासा झाला. ओहम यांची उपेक्षा झाली म्हणून त्यांचा नियम खरा ठरला नाही. त्यांना न मानणाऱ्या माणसानेही तारा घेऊन मोजले तर तेच उत्तर येत होते, म्हणून तो खरा ठरला. फ्रान्समध्ये पुईए यांनी १८३७ मध्ये स्वतंत्रपणे मोजून तेच दाखवले. माझ्या पॅथीकडून कोणी अशी मोजणी मागतो, तेव्हा पूर्वी मला राग येत असे. आता येत नाही. मागणे रास्त आहे असे मला वाटते.

उष्णतेचा हिशेब

रोधाचा हिशेब ओहम यांचा, तर शक्तीचा हिशेब जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डमधील दारूभट्टीच्या मालकाचा हा मुलगा, जन्म १८१८ चा. भट्टीत वाफेच्या इंजिनाऐवजी बॅटरीवरची मोटर वापरली तर परवडेल का, हा त्याचा पहिला व्यवहारी प्रश्न. उत्तर नाही असे आले. बॅटरीत झिजणारे जस्त जळणाऱ्या कोळशापेक्षा फार महाग पडत होते. पण त्या शोधात त्याने तारेत तयार होणारी उष्णता मोजली. काचनळीभोवती तार गुंडाळून ती पाण्यात बुडवायची, वीज सोडायची आणि तपमापकावर पाण्याचे तापणे पाहायचे. एवढाच प्रयोग. प्रवाह तोच ठेवून रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट. रोध तोच ठेवून प्रवाह दुप्पट केला तर मात्र उष्णता चौपट. हा निबंध १८४१ मध्ये छापून आला, ज्या वर्षी ओहम यांना पदक मिळाले. ज्यूल तेव्हा तेवीस वर्षांचाही नव्हता. रशियात लेंझ यांनीही स्वतंत्रपणे हेच शोधले.

प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध म्हणजे शक्ती. यात ओहमचा नियम घातला की दाब गुणिले प्रवाह हे सोपे रूप मिळते. दोन्ही एकच.

समुद्रातली केबल आणि नावांचा मेळ

हा हिशेब टाळला की काय होते, याचा मोठा धडा १८५८ मध्ये मिळाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अटलांटिक समुद्राच्या तळातून आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी तारेची केबल टाकली गेली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे १६ तास लागले. केबलचे विद्युत-अधिकारी होते वाइल्डमन व्हाइटहाउस. ते मूळचे सर्जन. आम्हा वैद्यकातल्या लोकांनी हे विसरू नये. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन गणिताने सांगत होते की, अंतर वाढले की संकेत मंद होणारच, म्हणून कमी दाब वापरा आणि अतिशय नाजूक मापकाने तो ओळखा. व्हाइटहाउस यांना ते पटले नाही. संकेत पोचत नाही तर जोर वाढवा, असे त्यांचे मत. त्यांनी मोठ्या गुंडाळ्या लावून सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब दिला. केबल मुळात सदोष होती. त्या दाबाने तिचे आवरण पार गेले. काही आठवड्यांत ती कायमची मुकी झाली. औषध लागू पडत नाही तर मात्रा वाढवत जायची, ही चूक कुठल्याच पॅथीला अनोळखी नाही.

त्यानंतर चौकशी झाली. १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनने टॉमसन यांच्या आग्रहावरून रोधाचे प्रमाणित माप ठरवण्यासाठी समिती नेमली. एकाचा रोध दुसऱ्याच्या रोधाशी ताडून पाहता आला नाही, तर केबल चांगली की वाईट हे ठरणार कसे? त्याच वर्षी क्लार्क आणि ब्राइट या इंजिनिअरांनी विजेच्या मापांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत असे सुचवले. १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ही नावे पक्की केली. दाबाला इटलीचे व्होल्टा, प्रवाहाला फ्रान्सचे अँपिअर, रोधाला जर्मनीचे ओहम. फ्रान्स आणि जर्मनी यांचे युद्ध संपून तेव्हा दहाच वर्षे झाली होती, आणि फ्रान्सची हार झाली होती. तरी पॅरिसमध्ये जर्मन माणसाचे नाव रोधाला दिले गेले. आपण सीमेवरची माणसे. एका नावावरून काय काय होऊ शकते हे आपल्याला सांगायला नको. म्हणून मला त्या परिषदेचे विशेष वाटते. पुढल्या वर्षी विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या मापाला इंग्रज-स्कॉट वाद न काढता वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅट यांचे नाव सुचवले, आणि १८८९ मध्ये तेही मान्य झाले.

तांब्याचा खर्च

शास्त्रज्ञांचा हा हिशेब रस्त्यावर आणला तो एडिसन यांनी. १८७८-७९ मध्ये ते घराघरांत दिवे देण्याची योजना आखत होते. त्या काळच्या प्रयोगातले बरेच दिवे कमी रोधाचे होते. एडिसन आणि त्यांचे गणिती सहकारी अप्टन यांनी हिशेब मांडला. १०० वॅटचा दिवा १० व्होल्टवर चालवायचा तर प्रवाह १० अँपिअर आणि दिव्याचा रोध १ ओहम. तोच १०० व्होल्टवर चालवला तर प्रवाह १ अँपिअर आणि रोध १०० ओहम. रस्त्यातल्या तारेचा रोध १ ओहम धरा. पहिल्या रीतीत तारेत १०० वॅट जळतात, म्हणजे दिव्याइतकीच वीज वाटेतच खर्च होते. दुसऱ्या रीतीत तारेत १ वॅट जळतो. पहिल्या रीतीत हा तोटा टाळायचा तर तांब्याची तार शंभरपट जाड हवी, ती परवडणार नाही. म्हणून दिव्याची तंतूतार बारीक आणि मोठ्या रोधाची हवी, हे आधी कागदावर ठरले, आणि मग असा तंतू शोधण्यासाठी प्रयोगशाळेत शेकडो पदार्थ पारखले गेले. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज वाटली गेली ती ११० व्होल्टने.

हाच हिशेब आपल्या दोन्ही राज्यांत दिसतो. १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्र येथे कावेरीच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली आणि ती सुमारे ९२ मैल दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवली गेली, ती तीस-पस्तीस हजार व्होल्टच्या दाबाने. १९१५ मध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर, लोणावळ्याकडे साठवलेले पाणी पाचशे मीटरांहून अधिक खाली खोपोलीला आणून टाटांनी वीज केली आणि मुंबईच्या गिरण्यांना नेली, ती लाखभर व्होल्टने. दाब शंभरपट केला की तेवढीच शक्ती न्यायला प्रवाह शंभरावा हिस्सा पुरतो, आणि ज्यूलच्या वर्गाच्या नियमाने तारेतला तोटा दहाहजारावा हिस्सा होतो. गावाबाहेरच्या उंच मनोऱ्यांवर एवढा भयंकर दाब कशासाठी, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच आहे.

घरचा हिशेब

आता घरी येऊ. आमच्या घरी पाणी उकळून प्यायची पद्धत. त्यासाठी वापरत असू तो हीटर १५०० वॅटचा. २३० व्होल्टने भागले की साडेसहा अँपिअर. २३० ला साडेसहाने भागले की त्याच्या गुंडाळीचा रोध सुमारे ३५ ओहम. खेड्यात संध्याकाळी सगळ्या मोटरी सुरू झाल्या की दाब १८० वर येई. रोध तोच राहतो, म्हणून प्रवाहही उतरतो, आणि शक्ती दोन्ही बाजूंनी कमी होऊन ९०० वॅटच्या थोडी वर राहते. दाब पंचमांशाहून थोडा जास्त घटला, पण आच दोन-पंचमांशाने घटली. पाणी उकळायला वेळ का लागतो, याचे भांडण आमच्या घरी या हिशेबाने मिटले.

एक गंमत सांगतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. हिशेबाने त्याचा रोध सुमारे ८८० ओहम. पण तो काढून मल्टिमीटरने मोजला तर सत्तरच्या आसपास भरेल. दोन्ही बरोबर आहेत. तंतू तापला की त्याचा रोध बारा-तेरा पटींनी वाढतो. म्हणून वस्तू चालू असताना तिच्यावरचा दाब आणि तिच्यातला प्रवाह मोजून भागाकार करावा, तोच तिचा त्या वेळचा खरा रोध. पंखा, मोटर यांचा हिशेब इतका सरळ नाही. तिथे दाब आणि प्रवाह यांच्या लहरी पुढे-मागे होतात, म्हणून नुसता गुणाकार वॅट दाखवत नाही. हीटर, इस्त्री, शेगडी यांना मात्र तो नीट लागू पडतो.

आणि माणसाच्या शरीराचा रोधही बल्बासारखाच स्थिर नसतो. आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. विजेचा बराचसा विरोध आपली कातडी करते. कोरडी, घट्टे पडलेली कातडी आणि पायांत चपला असतील, तर रोध पन्नास हजार ओहम किंवा त्याहूनही जास्त असू शकतो. २३० ला पन्नास हजारांनी भागा. प्रवाह एका अँपिअरच्या हजाराव्या हिश्शांत मोजला तर साडेचारच्या आसपास. झटका बसतो, हात मागे येतो, माणूस हसत घरी जातो. पावसात भिजलेला हात, चिखलात अनवाणी पाय, अशा वेळी रोध हजार ओहमवर येतो. २३० ला हजाराने भागा. आता हजाराव्या हिश्शांत २३०. दहाच्या वर गेले की बहुतेकांची मूठ सुटत नाही, स्नायू आखडून धरतात. पन्नास ते शंभरच्या पुढे गेले की हृदयाची लय बिघडू शकते. लाइट तीच होती, मुलगाही तोच होता. छेद बदलला होता. उन्हाळ्यात तो पन्नास हजार होता आणि पावसाळ्यात हजार.

त्या आईला मी हे कधी सांगितले नाही. ती पुढे अनेक वर्षे माझ्याकडे सांधेदुखीसाठी येत असे. विषय काढायचे धैर्य मला झाले नाही, आणि काढून तिला काय मिळणार होते? तिच्या गावच्या शाळेत मात्र मी दर वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात जातो. एक मल्टिमीटर आणि एक बल्ब नेतो. मुले कोरड्या बोटांनी मल्टिमीटरच्या दोन काड्या धरतात, आकडा वाचतात, मग हात ओले करून पुन्हा धरतात. मल्टिमीटरची बॅटरी लहान असते, त्यात धोका नाही. आकडा खाली उतरताना पाहून मुले हसतात. मग फळ्यावर भागाकार करतो. त्या वेळी मात्र वर्ग गप्प असतो.

आज बाजारात असे उपकरण मिळते, जे जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहते. हजाराव्या हिश्शांत तीसचाही फरक पडला, म्हणजे प्रवाह कुणाच्या अंगातून जमिनीत जात आहे असे दिसले, की क्षणात वीज तोडते. मुख्य फळीवर ते बसवता येते. त्यावर एक लहान बटण असते, ते दाबून उपकरण काम करते की नाही हे महिन्यातून एकदा तपासावे. या सभागृहातून घरी गेल्यावर आपल्या फळीवर ते आहे का, एवढे पाहावे. नसेल तर चांगल्या वायरमनला बोलवावे. शेतात मोटर असेल तर तिथले आधी पाहावे. आणि ते बसेपर्यंत पावसाळ्यात ओल्या हाताने, अनवाणी पायाने स्टार्टरला हात लावू नये, लावू देऊ नये.